श्रीलंकेतील नागरीकरण आणि घरांची गरज : गृहनिर्माण धोरणांचा चिकित्सक आढावा

१. प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या तीन मूलभूत गरजा मानल्या जातात. त्यांपैकी अन्न व वस्त्र एका ठिकाणी निर्माण करून दुसऱ्या ठिकाणी नेता येते. निवाऱ्याचे तसे नाही. घर ज्या जमिनीवर उभे राहते तेथेच ते राहते आणि त्या जमिनीपासून रोजगार, शाळा, रुग्णालय व पाण्याचा नळ किती अंतरावर आहे, यावर त्या घराची उपयुक्तता ठरते. त्यामुळे एखाद्या देशातील घरांची संख्या कुटुंबांच्या संख्येइतकी झाली म्हणजे तेथील घरांचा प्रश्न सुटला, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते.

या दृष्टीने श्रीलंकेचे उदाहरण अभ्यसनीय आहे. ६५,६१० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा विकसनशील देश महाराष्ट्राच्या सुमारे एक-पंचमांश आकाराचा आहे. २०१२ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २ कोटी ३ लाखांहून अधिक, तर कुटुंबांची संख्या सुमारे ५२ लाख होती. पाचांपैकी चार कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घरात राहत असल्याचे याच जनगणनेत आढळले. साक्षरता, आयुर्मान व बालमृत्यूचे प्रमाण या निकषांवर हा देश आपल्या उत्पन्नाच्या मानाने नेहमीच पुढे राहिला आहे. असे असूनही राजधानीचे शहर असलेल्या कोलंबोतील निम्मी लोकसंख्या दीर्घकाळ अपुऱ्या सोयींच्या वस्त्यांत राहत आली. राष्ट्रीय सरासरी आणि शहरातील वास्तव यांतील ही विसंगती हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) श्रीलंकेतील नागरीकरणाच्या अधिकृत आकड्यांचा अर्थ स्पष्ट करणे.
२) कोलंबोतील निम्न उत्पन्न गटाच्या वस्त्यांचे स्वरूप समजावून घेणे.
३) १९४२ पासूनच्या गृहनिर्माण धोरणांतील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
४) घरांची गरज ठरविताना संख्येखेरीज कोणते घटक विचारात घ्यावे लागतात, हे दाखविणे.

२. नागरीकरणाचे आकडे आणि त्यांमागील व्याख्या

विकसनशील देशांत लोकसंख्या वाढली की नागरी लोकसंख्येचे प्रमाणही वाढते, हा सर्वसाधारण अनुभव आहे. श्रीलंकेचे आकडे मात्र याच्या विरुद्ध दिशेने जाताना दिसतात. नागरी लोकसंख्येचे प्रमाण १९४६ मध्ये सुमारे १५ टक्के, १९६३ मध्ये १९ टक्के आणि १९७१ मध्ये २२ टक्क्यांच्या आसपास होते. १९८१ मध्ये ते २१.५ टक्के झाले आणि २०१२ मध्ये १८.२ टक्क्यांवर आले. म्हणजे तीस वर्षांत देशाची लोकसंख्या सुमारे ५५ लाखांनी वाढली, खुल्या आर्थिक धोरणाने कोलंबोचा परिसर विस्तारला आणि तरीही कागदोपत्री देश पूर्वीपेक्षा अधिक ग्रामीण झाला.

या विरोधाभासाची कारणे दोन आहेत. पहिले कारण वास्तविक आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झालेले मोफत शिक्षण, ग्रामीण आरोग्यसेवा, तांदळावरील अनुदान, कोरड्या प्रदेशातील शेतकरी वसाहती आणि १९७७ नंतर वेगाने राबविलेला महावेली प्रकल्प यांमुळे खेड्यांतील माणसाला गाव सोडण्याची निकड तुलनेने कमी भासली. देश लहान असल्याने व रेल्वे-बसची सोय असल्याने गावात राहून शहरात नोकरी करणे अनेकांना शक्य झाले. शेजारच्या देशांतील महानगरांकडे जसे लोंढे आले तसे कोलंबोकडे आले नाहीत, याचे श्रेय बहुतांशी या धोरणांना द्यावे लागते.

दुसरे कारण व्याख्येचे आहे. श्रीलंकेत एखादे क्षेत्र नागरी आहे की नाही हे तेथील लोकसंख्या, घनता किंवा व्यवसाय पाहून ठरत नाही. तेथे कोणती स्थानिक स्वराज्य संस्था आहे, यावरून ठरते. १९८१ पर्यंत महानगरपालिका, नागरी परिषदा आणि नगर परिषदा या तिन्हींची क्षेत्रे नागरी मानली जात. १९८७ च्या कायद्याने प्रादेशिक सभांची रचना अस्तित्वात आल्यावर पूर्वीच्या नगर परिषदांची क्षेत्रे त्यांत समाविष्ट झाली आणि प्रादेशिक सभेचे संपूर्ण क्षेत्र ग्रामीण गणले जाऊ लागले. ज्या गावांत बाजारपेठ, शाळा, बँका व वर्दळ होती ती गावे एका कायद्यान्वये खेडी झाली. तेथील एकही माणूस शेतीकडे परतला नव्हता.

या व्याख्येचे परिणाम उदाहरणावरून स्पष्ट होतात. कोलंबोलगतच्या होमागमा विभागाची लोकसंख्या २०१२ मध्ये दोन लाखांहून अधिक होती. मात्र तेथे प्रादेशिक सभा असल्याने ती ग्रामीण ठरली. याउलट मध्यवर्ती डोंगराळ भागातील तलवाकेले-लिंदुला हे काही हजार वस्तीचे ठिकाण नागरी परिषदेमुळे नागरी ठरते. तुलनेसाठी भारतीय जनगणनेची पद्धत पाहता येईल. भारतात किमान ५,००० लोकसंख्या, प्रति चौरस किलोमीटर किमान ४०० ची घनता आणि पुरुष कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात असणे, या तीन अटी पूर्ण करणारे गाव ग्रामपंचायत असूनही नागरी गणले जाते. महाराष्ट्रातील अनेक मोठी उपनगरी गावे याच मार्गाने नागरी लोकसंख्येत आली आहेत. श्रीलंकेत ही पर्यायी कसोटी लावलेली नाही.

हा केवळ संख्याशास्त्राचा प्रश्न नाही. नागरी ठरलेल्या क्षेत्रात सांडपाणी, घनकचरा, बांधकाम नियंत्रण आणि सार्वजनिक वाहतूक यांसाठी यंत्रणा उभी राहते. ग्रामीण ठरलेल्या क्षेत्रात ती अपेक्षितच धरली जात नाही. कोलंबोपासून गॉलकडे आणि कँडीकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा घरांची व दुकानांची सलग रांग तयार झाली, भातखाचरे व पाणथळ जमिनी भरून तेथे घरे आली आणि पावसाळ्यात केलनी नदीच्या खोऱ्यात पुराचे पाणी त्यांत शिरू लागले. ज्या नागरीकरणाची नोंद होत नाही त्याचे नियोजनही होत नाही, हा या आकड्यांचा खरा अर्थ आहे.

३. कोलंबोतील निम्न उत्पन्न गटाच्या वस्त्या

कोलंबो महानगरपालिकेचे क्षेत्र अवघे ३७ चौरस किलोमीटर आहे. २०१२ मध्ये तेथील रहिवासी सुमारे साडेपाच लाख होते. कामानिमित्त दररोज ये-जा करणाऱ्यांची संख्याही काही लाखांत जाते. या लहानशा क्षेत्रातील गरिबांच्या वस्त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात.

पहिला प्रकार जुन्या भाडोत्री खोल्यांच्या रांगांचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलंबो बंदराचा विस्तार झाला, तेव्हा गोदीकामगार व गिरणीकामगारांसाठी मालकांनी एका अंगणाभोवती किंवा अरुंद बोळाच्या दोन्ही बाजूंस एकेका खोलीच्या रांगा बांधल्या. मुंबईतील बैठ्या चाळींशी त्यांचे साम्य आहे. पाण्याचा नळ व शौचालये सामाईक असत. श्रीमंत कुटुंबे शहराच्या मध्यभागातून दालचिनीच्या जुन्या बागांच्या परिसरात राहावयास गेल्यावर त्यांचे मोकळे वाडेही खोल्या-खोल्यांनी भाड्याने दिले गेले. सिंहली भाषेत या वस्त्यांना ‘मुडुक्कु’ असे म्हणतात. येथील रहिवासी भाडेकरू होते. त्यांचे वास्तव्य कायदेशीर होते, परंतु इमारती जीर्ण होत्या.

दुसरा प्रकार ‘पॅल्पत’ म्हणजे झोपड्यांचा. कालव्यांचे काठ, रेल्वेलगतच्या राखीव पट्ट्या, पाणथळ जागा व सरकारी मोकळ्या जमिनी यांवर फळ्या, पत्रे व झापे वापरून त्या उभ्या राहिल्या. येथे इमारतीपेक्षाही जमिनीच्या हक्काचा प्रश्न मोठा होता. जमीन आपली नसल्याने रहिवासी पक्के बांधकाम करीत नसत आणि बांधकाम कच्चे असल्याने वस्ती तात्पुरती समजली जाई.

कोलंबो महानगरपालिका व एका स्वयंसेवी संस्थेने केलेल्या २००१ च्या पाहणीत शहरात अशा १,६१४ वस्त्या व त्यांत ७७,६१२ कुटुंबे आढळली. यांतील बहुसंख्य वस्त्या लहान आहेत. अनेक वस्त्यांत पन्नासहून कमी कुटुंबे राहतात. एकच प्रचंड झोपडपट्टी असण्याऐवजी संपूर्ण शहरभर विखुरलेल्या शेकडो लहान वस्त्या, हे कोलंबोचे वैशिष्ट्य आहे. हमाल, भाजीविक्रेते, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, रिक्षाचालक व सफाई कामगार आपल्या कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. या वस्त्या जेथे आहेत तेथे असण्यामागे असा आर्थिक तर्क आहे.

स्वस्त जागेची किंमत मात्र अन्य मार्गाने मोजावी लागते. शहरालगतच्या कोलोन्नावा भागातील मीतोटमुल्ला येथे कोलंबोचा कचरा वर्षानुवर्षे साठविला जात होता व त्याच्या पायथ्याशी गरिबांची घरे होती. १४ एप्रिल २०१७ रोजी, सिंहली-तमिळ नववर्षाच्या दिवशी, कचऱ्याचा तो डोंगर कोसळला आणि किमान ३२ जणांचा मृत्यू झाला. कचरा टाकण्याची जागा आणि गरिबाच्या घराची जागा या दोन्ही बाबी नियोजनात एकत्र विचारात घेतल्या नाहीत, तर काय घडते याचे हे विदारक उदाहरण होय.

४. धोरणाचा पहिला टप्पा : भाडेनियंत्रण व मालकीची मर्यादा (१९४२ ते १९७७)

महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, भाडेनियंत्रणाचा वटहुकूम काढण्यात आला. त्यानंतर काही वर्षांतच लोकसंख्येने वेग घेतला. मलेरिया निर्मूलनाची मोहीम व सुधारलेली आरोग्यसेवा यांमुळे मृत्युदर १९४६ मधील दर हजारी २०.३ वरून १९४७ मध्ये १४.३ पर्यंत खाली आला. १९४६ मधील सुमारे ६७ लाख लोकसंख्या १९८१ पर्यंत दुपटीहून अधिक झाली. घरांची मागणी वाढत असताना भाडे मात्र गोठलेले राहिल्याने मालकांनी दुरुस्ती थांबविली आणि भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधणे किफायतशीर राहिले नाही. १९५४ च्या राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्याने कर्जपुरवठ्याची सोय केली. तथापि तिचा लाभ प्रामुख्याने नियमित पगार असलेल्या मध्यमवर्गाला झाला.

१९७० मध्ये सत्तेवर आलेल्या संयुक्त आघाडीच्या शासनाने अधिक मूलगामी पाऊल उचलले. गृहनिर्माण मंत्री पीटर कुनेमन यांच्या कारकिर्दीत १९७३ मध्ये घरांच्या मालकीवर कमाल मर्यादा घालणारा कायदा संमत झाला. मर्यादेपेक्षा अधिक असलेली घरे शासनाकडे आली आणि तेथील भाडेकरूंना मालक होण्याचा मार्ग खुला झाला. सामाईक नळ, शौचालये व बोळ यांच्या देखभालीसाठी स्वतंत्र मंडळही याच वर्षी कायद्याने स्थापन झाले.

या कायद्यांचे मूल्यमापन दोन्ही बाजूंनी करावे लागते. जुन्या खोल्यांतील हजारो भाडेकरूंना प्रथमच सुरक्षितता मिळाली व शहराच्या मध्यभागी गरिबांचे स्थान टिकून राहिले. दुसरीकडे, भाड्याच्या घरांमधील खाजगी गुंतवणूक जवळजवळ थांबली. शहरात नव्याने येणाऱ्या किंवा नव्याने संसार थाटणाऱ्या कुटुंबाला भाड्याची खोली मिळणे दुरापास्त झाले आणि झोपडी हाच पर्याय उरला. असलेल्याचे रक्षण झाले, नसलेल्याची सोय झाली नाही, असे या टप्प्याचे वर्णन करता येईल.

५. दुसरा टप्पा : एक लाख ते दहा लाख घरे (१९७८ ते १९८९)

१९७७ मध्ये युनायटेड नॅशनल पार्टीचे शासन आले. कोलंबोच्या श्रमिक वस्तीत वाढलेले रणसिंघे प्रेमदासा फेब्रुवारी १९७८ मध्ये पंतप्रधान झाले व गृहनिर्माण खातेही त्यांच्याकडेच राहिले. १९७८ मध्ये नगर विकास प्राधिकरण आणि १९७९ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण विकास प्राधिकरण स्थापन झाले. १९७८ ते १९८३ या काळात ‘एक लाख घरे’ कार्यक्रम राबविण्यात आला. त्यातील एक भाग शासनाने थेट बांधलेल्या घरांचा, तर दुसरा भाग ग्रामीण कुटुंबांना साहित्य व मार्गदर्शन देऊन त्यांच्याच श्रमातून उभ्या राहिलेल्या घरांचा होता.

या कार्यक्रमातून एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास आली. थेट बांधलेल्या शहरी घरांवर निधीचा मोठा भाग खर्च होऊन त्यांची संख्या मर्यादितच राहिली. स्वयंबांधणीच्या मार्गाने मात्र तुलनेने थोड्या खर्चात अधिक कुटुंबांपर्यंत पोहोचता आले. शिवाय शासनाच्या कोणत्याही मदतीविना लोक आपली घरे बांधीतच होते आणि त्यांची संख्या शासकीय घरांपेक्षा कितीतरी अधिक होती. ज्याला शासन ‘घरांचा तुटवडा’ समजत होते त्याची भरपाई लोक स्वतःच करीत होते. त्यांना जमिनीचा हक्क, अल्प कर्ज आणि पाणी-सांडपाण्याची सोय यांची उणीव होती.

या आकलनावर १९८४ मध्ये ‘दहा लाख घरे’ कार्यक्रम सुरू झाला. त्याचा ग्रामीण भाग १९८४ मध्ये व नागरी भाग १९८५ मध्ये कार्यान्वित झाला. शासनाचा हस्तक्षेप कमीत कमी, साहाय्य जास्तीत जास्त आणि बांधणाऱ्या कुटुंबाचा सहभाग सर्वाधिक, हे त्याचे सूत्र होते. ‘घर’ या संकल्पनेची व्याप्तीही बदलली. नवे घर बांधणे, छप्पर बदलणे, भिंत पक्की करणे, शौचालय बांधणे किंवा वीजजोडणी घेणे यांपैकी आपल्याला काय हवे ते कुटुंबाने ठरवावे व त्यासाठी अल्प रकमेचे कर्ज घ्यावे, अशी व्यवस्था होती. गरजेचा क्रम ठरविण्याचा अधिकार अधिकाऱ्याकडून कुटुंबाकडे आला.

नागरी भागात या विचाराची खरी कसोटी लागली. नगर विकास प्राधिकरणाच्या नियमांनुसार भूखंडाचे किमान क्षेत्र ६ पर्च, म्हणजे सुमारे १५० चौरस मीटर, असावे लागे. झोपडवासीयांच्या वस्त्यांत इतकी जमीन कोठून मिळणार? म्हणून या वस्त्यांना विशेष प्रकल्पक्षेत्र घोषित करून प्रत्येक कुटुंबाला साधारणतः २ पर्च, म्हणजे सुमारे ५० चौरस मीटरचा भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देण्यात आला. नियमांचा आग्रह धरला असता तर बहुसंख्य कुटुंबांना वस्ती सोडावी लागली असती. नियम शिथिल केल्याने ती आहे तेथेच राहू शकली.

भूखंडांची आखणी करण्यासाठी वस्तीतच कार्यशाळा घेतल्या जात. रहिवासी, प्राधिकरणाचे अधिकारी व महानगरपालिकेचे कर्मचारी एकत्र बसून अडचणींची यादी करीत, त्यांचा अग्रक्रम लावीत आणि कोणते काम कोणी करावयाचे हे ठरवीत. बोळ किती रुंद ठेवावयाचा, कोणाची भिंत किती मागे घ्यावयाची, नळ कोठे बसवावयाचा हे दोरी व खुंट्या हाती घेऊन जागेवरच निश्चित होई. बोळ रुंद करावयाचा तर आपल्याच जमिनीतून द्यावा लागणार हे सर्वांना ठाऊक असल्याने निर्णय व्यवहार्य होत. वस्ती-विकास मंडळे स्थापन झाली. गटारे, विहिरी, सामाईक शौचालये अशी लहान कामे ठेकेदाराऐवजी या मंडळांकडेच सोपविण्याची पद्धतही कोलंबोतील वनातमुल्ला येथे सुरू झाली.

या प्रयोगाची आंतरराष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली. प्रेमदासा यांनी १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मांडलेल्या सूचनेनंतर १९८७ हे वर्ष बेघरांसाठीचे आंतरराष्ट्रीय निवारा वर्ष म्हणून पाळण्यात आले. शासनाने घरे पुरविण्याऐवजी घरबांधणीस साहाय्य करावे, हा ब्रिटिश वास्तुरचनाकार जॉन टर्नर यांच्या लेखनातून पुढे आलेला विचार राष्ट्रीय पातळीवर राबविणाऱ्या देशांत श्रीलंकेची गणना होऊ लागली.

तथापि या कार्यक्रमाच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. कर्जाची परतफेड समाधानकारक झाली नाही. निवडणुकांच्या काळात ‘सरकारी पैसा परत करावा लागत नाही’ ही भावना बळावली. लाभार्थ्यांच्या निवडीत पक्षीय हस्तक्षेप झाल्याची टीका झाली. अल्प कर्जात घर पूर्ण होत नसल्याने अत्यंत गरीब कुटुंबे अर्धवट भिंतींतच राहिली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कार्यक्रम एका प्रभावी नेत्याच्या पाठबळावर उभा होता. १ मे १९९३ रोजी प्रेमदासा यांची हत्या झाली आणि १९९४ मध्ये सत्तांतर झाले. त्यानंतर वस्ती-विकास मंडळांचे काम मंदावले. अनेक कुटुंबांच्या पट्ट्यांचे पूर्ण मालकीहक्कात रूपांतर होणे राहूनच गेले. ही अपूर्णता पुढील टप्प्यात त्यांना महागात पडली.

६. तिसरा टप्पा : जमिनीची किंमत आणि बहुमजली पुनर्वसन

१९९० नंतर कोलंबोतील जमिनीचे भाव झपाट्याने वाढले. ज्या जमिनीवर झोपड्या होत्या ती आता व्यापारी दृष्ट्या मौल्यवान ठरली. झोपडवासीयांना बहुमजली इमारतींत हलवावे, मोकळी झालेली जमीन विकासकांना द्यावी आणि त्या उत्पन्नातून इमारतींचा खर्च भागवावा, असा विचार १९९८ च्या सुमारास पुढे आला. महाराष्ट्रात १९९५ पासून मुंबईत राबविल्या जाणाऱ्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेमागील तर्कही याच जातीचा आहे. त्यातूनच बेसलाईन मार्गालगत ‘सहसपुरा’ ही १४ मजली, ६७१ सदनिकांची वसाहत उभी राहिली व २००१ च्या सुमारास तेथे कुटुंबे राहावयास गेली.

यादवी युद्ध मे २००९ मध्ये संपल्यानंतर या विचाराला वेग आला. २०१० मध्ये नगर विकास प्राधिकरण संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आणण्यात आले व जानेवारी २०१५ मधील सत्तांतरापर्यंत ते तेथेच राहिले. या काळात आखलेल्या नागरी पुनरुज्जीवन प्रकल्पात कोलंबोतील ६८,८१२ कुटुंबांचे पुनर्वसन अभिप्रेत होते. आरंभीच्या इमारतींतील सदनिका सुमारे ४०० चौरस फुटांच्या होत्या आणि कुटुंबांकडून दीर्घ मुदतीच्या हप्त्यांनी रक्कम अपेक्षित होती. शासन बदलल्यानंतरही प्रकल्प पुढे चालू राहिला. २०१९ मध्ये आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेने कोलंबोच्या नागरी पुनरुज्जीवनासाठी २० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले.

या इमारतींनी काही खरे लाभ दिले, हे मान्य केले पाहिजे. कालव्याकाठच्या कुटुंबाची दरवर्षीच्या पुरातून सुटका झाली, घरात स्वतंत्र शौचालय व नळ आला. विशेषतः स्त्रियांच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता. परंतु बैठ्या घराचे जे उपयोग नकाशात दिसत नाहीत, ते या स्थलांतरात हरवले. दारात आप्पे करून विकणे, हातगाडी अंगणात लावणे, रिक्षा घरापुढे ठेवणे, मुलाचे लग्न झाले की मागे एक खोली वाढविणे, यांपैकी कोणतीही गोष्ट दहाव्या मजल्यावर शक्य होत नाही. उद्वाहन बंद पडले की वृद्ध माणूस घरातच अडकतो. २०१२ मध्येच देशातील १२ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या साठ वर्षांपुढील होती, हे येथे लक्षात घ्यावे लागेल. वीज, पाणी, देखभाल आणि सदनिकेचा हप्ता हा मासिक खर्च रोजंदारीच्या अनियमित उत्पन्नातून भागवावा लागतो.

आणखी एक मुद्दा वर्गीकरणाचा आहे. ‘अपुऱ्या सोयींची वस्ती’ या एकाच नावाखाली कालव्याकाठची झोपडी, जुनी भाडोत्री खोली आणि ‘दहा लाख घरे’ कार्यक्रमातून जमीन मिळालेले, पुढे स्वखर्चाने दुमजली झालेले पक्के घर, ही सर्व एकत्र मोजली गेली. ज्या कुटुंबाने तीस वर्षांत विटेवर वीट चढवून घर उभे केले, त्याच्या लेखी नवी सदनिका ही भेट नव्हती; ती मोठ्या घराच्या बदल्यात मिळालेली लहान जागा होती. पूर्ण मालकीहक्काची कागदपत्रे वेळीच मिळाली असती, तर अशा कुटुंबांना वाटाघाटीत काही बळ मिळाले असते.

७. राजधानीबाहेरील अनुभव

निर्णयाचा अधिकार कुटुंबाकडे असावा की शासनाकडे, या प्रश्नाची परीक्षा राजधानीबाहेरही झाली आणि त्यातून मिळणारे उत्तर बरेचसे सारखेच आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने श्रीलंकेत तीस हजारांहून अधिक बळी घेतले व सुमारे एक लाख घरांची हानी केली. त्यानंतर शासनाने दक्षिण व पश्चिम किनाऱ्यावर १०० मीटर आणि उत्तर व पूर्व किनाऱ्यावर २०० मीटरच्या पट्ट्यात पुनर्बांधणीस मनाई केली. उद्देश सुरक्षिततेचा होता. परंतु मासेमारांना समुद्रापासून दूर नेणे म्हणजे त्यांना व्यवसायापासून दूर नेणे होते. अखेर वर्षभरातच या मर्यादा शिथिल कराव्या लागल्या.

युद्धोत्तर काळात भारताच्या अनुदानातून ५०,००० घरांचा प्रकल्प राबविण्यात आला. त्यातील सुमारे ४६,००० घरे उत्तर व पूर्व प्रांतांत, तर ४,००० घरे चहामळ्यांच्या भागात नियोजित होती. उत्तर-पूर्वेत प्रत्येक लाभार्थी कुटुंबाला साडेपाच लाख श्रीलंकन रुपये बांधकामाच्या प्रगतीनुसार हप्त्यांनी देण्यात आले व बांधकामाची जबाबदारी कुटुंबाकडेच ठेवण्यात आली. ‘दहा लाख घरे’ कार्यक्रमातील मूळ तत्त्व येथे पुन्हा वापरले गेले. फरक असा की कर्जाऐवजी अनुदान होते आणि रक्कम मूलभूत घर उभे राहील इतकी होती.

चहामळ्यांतील तमिळ कामगारांचा प्रश्न वेगळा आहे. जनगणनेत नागरी व ग्रामीण यांखेरीज मळ्यांचा स्वतंत्र विभाग असून २०१२ मध्ये ४.४ टक्के लोकसंख्या त्यात होती. वसाहतकाळात बांधलेल्या एकेका खोलीच्या रांगांत त्यांच्या पिढ्या गेल्या. खोली मळ्याची आणि जमीनही मळ्याची, त्यामुळे नोकरी सुटली की निवाराही जाण्याची टांगती तलवार राहिली. येथे घरापेक्षा जमिनीचा हक्क आधी हवा, हे स्वतंत्र घरासाठी ७ पर्च जमीन देण्याच्या नंतरच्या धोरणातून शासनानेही मान्य केले. अंमलबजावणी मात्र संथ राहिली आहे.

८. निष्कर्ष

२०२४ च्या जनगणनेनुसार श्रीलंकेची लोकसंख्या २ कोटी १७ लाखांच्या पुढे गेली. २०१२ पासूनची वार्षिक वाढ अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. म्हणजे लोकसंख्येच्या स्फोटामुळे घरे अपुरी पडतात, हे स्पष्टीकरण आता पुरेसे नाही. एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जाची परतफेड स्थगित केली आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कोलंबोतील महागाईचा दर ७० टक्क्यांच्या जवळ पोहोचला. सिमेंट व लोखंडाच्या किमती वाढल्याने स्वतः घर बांधणारे कुटुंब आणि बहुमजली इमारती बांधणारे शासन, दोघांचेही गणित बिघडले. अशा स्थितीत थोड्या साधनांचा अधिक उपयोग कोणत्या मार्गाने होईल, हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे.

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) नागरीकरणाची केवळ प्रशासकीय व्याख्या वापरल्यास प्रत्यक्षात नागरी झालेली क्षेत्रे नियोजनाबाहेर राहतात. घनता व व्यवसाय यांची कसोटी स्वीकारल्याखेरीज घरांची गरज नेमकी कोठे आहे, हे कळणार नाही.

२) घरांची गरज ही चार घटकांनी बनते : जागा, जमिनीचा हक्क, मूलभूत सेवा आणि बांधकाम. श्रीलंकेतील कुटुंबांनी चौथा घटक बहुतांशी स्वबळावर पूर्ण केला आहे. पहिले तीन घटक मात्र शासनावाचून पूर्ण होऊ शकत नाहीत.

३) भाडेकरूचे संरक्षण व भाड्याच्या घरांचा पुरवठा या दोन्ही बाबी एकत्र साधाव्या लागतात. १९७३ च्या कायद्याने पहिली साधली, दुसरी गमावली.

४) बहुमजली पुनर्वसन पूरप्रवण व धोकादायक जागांसाठी आवश्यक ठरू शकते, परंतु सुधारलेल्या वस्त्यांना तोच उपाय लावणे म्हणजे लोकांनी केलेली गुंतवणूक नष्ट करणे होय.

५) लोकसहभागाचे यश कायदेशीर हक्कात रूपांतरित झाले नाही तर ते शासनाबरोबर येते आणि शासनाबरोबर जाते.

‘दहा लाख घरे’ कार्यक्रमाचे मोल तो किती लाख घरांपर्यंत पोहोचला यावरून ठरविले जाते. प्रत्यक्षात त्याचे महत्त्व एका साध्या कृतीत होते : वस्तीत गेलेला अधिकारी तयार नकाशा न नेता कुटुंबाला प्रथम काय हवे आहे, ते विचारीत असे. कोणत्याही लहान विकसनशील देशात घरांच्या गरजेची मोजणी याच प्रश्नापासून सुरू व्हावी, हे श्रीलंकेच्या ऐंशी वर्षांच्या अनुभवाचे सार आहे.